अनस्टेबल आमच्या गल्लीत आलं

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. दळणाचा डबा कितीही झटका, तळाला पीठ राहतंच. तसे ते राहतात. एक बरं, बॅग भरताना त्यांना जागा लागत नाही.

कोल्हापुरात आमच्या गल्लीत संध्याकाळी माझ्या दारातल्या पायरीवर आम्ही चार बायका बसायचो. शाळेत गेलेली एकही नाही. तरी एक इंग्रजी शब्द आमच्यात येऊन बसला तो उठेचना. अनस्टेबल!

पहिल्यांदा तो शेजारच्या शालाक्कानं दवाखान्यातून आणला. तिचे मालक, तात्या, आयसीयूत होते. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "पेशंट अनस्टेबल आहे."

"म्हंजे वाचत्यात का न्हाय?"

"आत्ताच काही सांगता येत नाही."

"मग तसं सांगा की! एवढ्या लांबनं शब्द कशाला आणलासा?"

तात्या वाचले. घरी आले आणि पहिल्याच जेवणाला, भाजीत मीठ नाही म्हणून ताट सरकवलं. शालाक्का पायरीवर येऊन म्हणाली, "झाले बघा स्टेबल!"

*

शालाक्काचा पोरगा बंडू कागलच्या एमआयडीसीत. कामाला कंपनीत, पण माणूस कंत्राटदाराचा. दर काही महिन्यांनी घरी बसवायचं, परत बोलवायचं, असं चाललेलं.

त्याला राधानगरीकडचं स्थळ आलं. पोहे झाले, चहा झाला. मुलगी खाली बघून हसलीसुद्धा. मग मुलीचा मामा घसा साफ करून म्हणाला, "पावणं, पोरगं लाखात एक हाय. पर नोकरी अनस्टेबल!"

मोडलं तिथंच. जीप वळली तशी शालाक्का कडाडली, "तीन इलेक्शनला तीन रंगाची उपरणी घातली ह्यानं! आणि माझा बंडू अनस्टेबल व्हय?"

बंडू आत गेला. उरलेले पोहे खात बसला.

*

बोलला तो नंतर एकदा. कंपनीत नवीन मशीन आलं, ते चालू केलं की थरथरायचं. साहेब लोक गोळा झाले, मशीन अनस्टेबल आहे म्हणाले, आणि दोन दिवसांत त्याच्याखाली काँक्रीट ओतलं. त्याच आठवड्यात बंडूला परत घरी बसवलं.

पायरीवर बसून म्हणाला, "मशीन हाललं तर खाली काँक्रीट घालत्यात, मावशी. माणूस हाललं तर गेट दावत्यात."



*

माझा संजू पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. मी "जेवलास का रं" म्हणते न म्हणते तोवर त्याचं सुरू, "आई, नेट अनस्टेबल आहे. आवाज तुटतोय. नंतर करतो हं!"

त्याच्या मागं टीव्हीवर क्रिकेट चाललेलं असायचं. विकेट कुणाची पडली ते मला इथं स्वच्छ ऐकू यायचं!

*

ह्या पावसाळ्यात मी मोरीत घसरले. हाड मोडलं नाही, कंबर तेवढी धरली. शालाक्कानं शेकलं, चार दिवसांत मी भाकरी थापायला लागले. पण संजू धावत आला आणि मला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनी मला भिंतीपर्यंत चालवलं आणि बोलले मात्र संजूशी. "चालणं अनस्टेबल आहे. एकटं ठेवू नका."

मला वाटलं, पुण्याला न्यायचा आपल्या घरी. मी मनात लोणच्याची बरणी बांधायलासुद्धा घेतली.

घरी आल्यावर त्यानं मोबाईलवर फोटो दाखवले. पुण्याबाहेरची मोठी इमारत, पुढं हिरवळ, बाकावर म्हाताऱ्या. "बघ आई, सगळ्या तुझ्यासारख्याच. करमेल तुला. आम्ही रविवारी येत जाऊ."

त्याच्याबरोबर आलेली सून म्हणाली, "आई, धरायला सगळीकडे दांडे आहेत. बाथरूममध्ये, पॅसेजमध्ये, पलंगाशी."

मी म्हटलं, "दांडे ऱ्हाऊ देत. माणूस कुणी?"

"स्टाफ आहे ना!"

शालाक्का दारातनंच म्हणाली, "संजू, अरं मी हाय की हितं! रात्रीची झोपायला येतो मी."

"तुमचं पण वय झालंय, मावशी," संजू म्हणाला. झालं, ठरलं!

*

जायची सकाळ. माझी बॅग गाडीत गेली. संजूनं आणलेली चार पायांची नवी काठी, तीपण गाडीत गेली. घराला कुलूप लागलं. पायरीवर शालाक्का, तिच्यामागं बंडू.

संजूचे बूट दारात होते. लेसवाले, घट्ट. त्यानं आजूबाजूला बघितलं, पायरीवर टेकायला जागा नव्हती. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळा भार टाकला, एक पाय उचलला, बूट चढवला, लेस ओढली. मग दुसरा पाय. तो बूट काही लवकर जाईना. मी उभी होते.

शालाक्कानं तोंडाला पदर लावला.

संजू तसाच, एका पायावर, माझा खांदा धरून म्हणाला, "हळू उतर हं आई. पडशील."