पोपटीतलं क्रंबल

जगातला कुठलाही पदार्थ पोपटीत शिजतो, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा व्याही निघाला. थंडीत वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, कोंबडी मडक्यात भरायची, वर मूठभर जाडं मीठ टाकायचं, तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती काटक्या-पेंढा पेटवायचा. अशी पोपटी आमच्या पनवेल भागात सगळेच लावतात. व्याह्यांनी पोपटीत पिझ्झा लावला होता. एकदा इडल्या लावल्या, त्या फोडायला वरवंटा आणावा लागला. "कडक झाल्या," ते म्हणाले, "पन टिकतील." मुलाने हौसेने घेऊन दिलेला ओव्हन त्यांच्या घरी होता, पण त्यात ते चपला ठेवत. दार बंद होतं, कुत्रं नेत नाही, हा त्या यंत्राचा गुण त्यांना मनापासून पटला होता. त्यांच्या विचुंबे गावातली शेती जाऊन तिथे इमारती आल्या, तरी दोन इमारतींमधली एक पट्टी त्यांनी बिल्डरला शेवटपर्यंत दिली नाही. तो समजूत घालायला आला, तेव्हा यांनी त्यालाच विचारलं, "मंग पोपटी कुठं लावू? लिफ्टमंदी?"

माझी मुलगी त्यांच्या मुलाला दिलेली. दोघं इंग्लंडला असतात. व्याही एक हिवाळा तिकडे राहून आले आणि पुढचा सबंध उन्हाळा पनवेलच्या मासळी बाजारात ओव्हरकोट घालून हिंडले. कोळणी त्यांना दुरून ओळखत. इंग्लंडबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं होतं: "समदं हाय, पन धूर नाय." तिथे आमच्या नातीने त्यांना शाळेत शिकलेलं क्रंबल करून घातलं. तळाला आंबटगोड फळं, वर लोण्यात चोळलेल्या पिठाचा आणि साखरेचा भुगा, आणि भट्टीत खरपूस भाजायचं, एवढाच तो प्रकार. व्याह्यांनी अख्खं भांडं एकट्याने संपवलं आणि पोरीला शब्द दिला, "पनवेलला ये. ह्येच तुला पोपटीत करून घालतो."

पोरीने हे वर्गभर सांगितलं. पनवेलला यायचं म्हटलं की रुसणारी, इथे आली की बिस्किटांखेरीज कशाला तोंड न लावणारी आमची नात त्या नाताळच्या सुट्टीत गाडीतून उतरली ती व्याह्यांना "आबा, क्रंबल कधी?" असं विचारतच. माझ्या पाया पडायची राहिली. व्याह्यांनी छाती फुगवली आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांना आवतण धाडलं.

त्या संध्याकाळी पट्टीवर सगळा गोतावळा जमला. तिकडची सफरचंदं आंबट असतात म्हणून व्याह्यांनी पेरू, अननस आणि आंबटपणाला चार अंबाडे चिरले. आबा आणि नात परातीत कोपरापर्यंत हात घालून तुपात कणीक चोळत होती. मग मांडणीचा प्रश्न आला. व्याह्यांनी सगळ्यांना उभं करून शास्त्र समजावलं. "सायेब पीठ वर घालतो, कारन त्याचं भांडं सुलटं. आपलं मडकं उपडं. म्हनून पीठ आदी घालायचं, फलं मागनं. मडकं उपडं झालं की पीठ आपसूक वर. बगा, सायबाला नाय सुचलं."

मी मदतीला उठलो तर म्हणाले, "मास्तर, तुमी खुर्चीत बसा. कशाला हात लावू नका." बत्तीस विद्यार्थ्यांना एका नजरेत गप्प करणाऱ्या मला कोणी वेलचीसुद्धा सोलायला दिली नाही. नात माझ्याकडे बघतही नव्हती.

आता खरं काय ते सांगतो. व्याही नातीला घेऊन भांबुर्डा आणायला गेले. मडकं भरलेलं, उघडं होतं. शेजारी कोंबडीच्या पोपटीसाठी आणलेली मिठाची पिशवी. माझ्या मनात आलं, गड्याने बडबडीच्या नादात मीठच टाकलं नाही! पोपटी म्हणजे मीठ, हे पनवेलात शेंबड्या पोराला कळतं. आपलाही हात लागावा, उद्या नातीला सांगता यावं, अशा विचाराने मी दोन मुठी मीठ त्या मडक्यात टाकलं आणि खुर्चीत येऊन शहाण्यासारखा बसलो.

मडकं पेटलं. वर पाणी शिंपडल्यावर चर्र झालं, म्हणजे तयार. व्याह्यांनी ते तसंच उपडं परातीत रितं केलं. भुगा खरोखरच वर आला होता! टाळ्या पडल्या. पहिला घास नातीचा. तिने चमचा तोंडात घातला, डोळे मोठे केले आणि नळाकडे धावली.

पाठोपाठ एकेक पाहुणा धावला. मग कोणीतरी व्याह्यांकडे बघून ओरडलं, "आज्या-पंज्याचं मिठागर, रगतातच मीठ!" आणि हास्याचा स्फोट झाला. नात परत आली ती रडवेली होऊन. मी तोंड उघडलं, पण त्याआधी व्याही उभे राहिले. "चुकलं माजं! हातच खारट हाय, काय करू?" असं म्हणत त्यांनी वाडगं भरून घेतलं, एकेका घासाला माकडासारखं तोंड केलं, तांब्या-तांब्या पाणी प्यायले. पोरगी आधी फिसकन हसली, मग लोळून हसली. मी तोंड मिटलं.

त्यानंतर दर लग्नात, दर बारशात कोणी ना कोणी विचारायचंच, "आबा, बासुंदीत मीठ टाकलंव का नाय?" व्याही हसायचे. मीही हसायचो, हे त्याहून वाईट. शेवटी ते आजारी असताना मी कळंबोलीच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून बोलायला लागलो. त्यांनी हात वर केला. "ठाव हाय. पाला घेऊन वललो तवा तुमचा हात मडक्यात बगला. कशाचा, ते चाखल्यावर कललं."

"मग बोलला का नाहीत?"

"मास्तर, मला लोकं हसली. तुमचं नाव कललं असतं तर समदी गप बसली असती. पोर रडतच ऱ्हायली असती."

ते गेल्यावर यंदा नात आली. आता बरीच उंच झाली आहे. पनवेलला यायला रुसत नाही. म्हणाली, "आजोबा, आबांचं क्रंबल करू या." पट्टीवर मीच मडकं लावलं, पीठ आधी, फळं मागून, मिठाचा कणही नाही. तिने चमचा तोंडात घातला. माझा जीव मुठीत.

"छान झालंय," ती म्हणाली आणि चमचा खाली ठेवला. "पण आबांसारखं नाही."

मग मी तिला सांगितलं. ते मीठ माझं होतं, सगळंच्या सगळं. मग तिने वाटी माझ्यापुढे धरली.

"टाका ना मग थोडं."

जरा जास्तच पडलं. आम्ही दोघांनी ते खाल्लं. मध्येच तिने माकडासारखं तोंड केलं, आणि धूर डोळ्यांत गेला म्हणून मी चष्मा काढला.