कापसाच्या काट्यावर सुरतेची गाडी

गेल्या रविवारी शहाद्यात एका वजनकाट्यावर स्पोर्ट्स कार चढली. जिथे कापसाचे ट्रॅक्टर आणि केळीचे ट्रक चढतात, त्याच काट्यावर… आणि ती चढवायचा हट्ट माझा होता. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी थोडं मागचं. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि गाड्यांचं वेड मला शाळेपासून आहे. दर रविवारी सकाळी सलीमभाईंच्या गॅरेजमध्ये आमचा तिघांचा चहा असतो. सलीमभाईंचं आयुष्य इंजिनं उघडण्यात गेलं, पारसचं कापडाचं दुकान आहे. आमच्यापैकी कोणाकडेही स्पोर्ट्स कार नाही, होणारही नाही… भांडायला मात्र आम्हाला दर रविवारी एक लागते.

सध्याचं भांडण एकाच गाडीवरून होतं. आमच्या लाडक्या गाडीची नवी पिढी आली आणि कंपनीने इंजिनाच्या जोडीला इलेक्ट्रिक मोटर आणि बॅटरी बसवली. नाव मुद्दाम लिहीत नाही, चाहते फार हळवे असतात. मीही त्यातलीच.

पारसला नवी आवडली. सलीमभाईंचं म्हणणं, कानाने ऐकल्याशिवाय मत देणार नाही. मी मात्र महिन्याभरापूर्वी इथेच लांबलचक पोस्ट टाकून मोकळी झाले… बॅटरीने गाडी जड केली, तिच्यातला जीव गेला, वगैरे. गाडी डोळ्यांनी न बघता लिहिलं होतं. हे तेव्हाही खुपलं होतं, पण लाइक्स बरेच आले आणि मी गप्प बसले.

तर रविवारी पारसचा आतेभाऊ निमेश सुरतेहून तीच नवी गाडी घेऊन आला. विसरवाडीला हायवे सोडल्यापासून प्रत्येक स्पीडब्रेकरला देवाचं नाव घेत. माझी पोस्ट त्याने वाचली होती. "बेन, माझ्या गाडीला तुम्ही जाडी बोलला!" तो हसत म्हणाला, पण लागलं असावं.

मी म्हटलं, मग मोजूनच बघू या. पाहुणा माणूस, चारचौघांत नाही कसं म्हणणार? निघाला बिचारा.

काट्यावर चढताना काही अडचण आली नाही. समोरचं नाक बटणाने थोडं उचलता येतं, ते उचलून गाडी अलगद वर गेली. आकडा आला… जुन्या पिढीपेक्षा तब्बल दोनशे किलो जास्त! मी तिथल्या तिथे पावतीचा फोटो आमच्या गाडीवेड्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बघा!'

आणि मग पलीकडचा उतार दिसला. एक तर तो चढापेक्षा उभा, त्यात टोकाला सिमेंट तुटून कडा वर आलेली, नाक उचलूनही पुरणार नाही इतकी. मागे जावं तर कापसाचा ट्रॅक्टर येऊन चिकटलेला, त्याच्यामागे आणखी दोन.

सलीमभाई गाल जमिनीला टेकवून आडवे झाले. नाकाखाली बोटं घालून बघितली, म्हणाले, "चढाई तं दिधी ताई… उतरानं कोनी इचार करा व्हता का?" मी केला नव्हता. कोणाची तरी नवीकोरी गाडी, तिचं नाक माझ्या एका वाक्यासाठी फुटणार होतं.

मागून ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओ शेठ, ते खेळनं उचली ल्या ना बाजूले! मन्हा कापूस काय आठेच पिंजशात का?"

मी काचेतून निमेशकडे बघितलं. स्टीअरिंग घट्ट धरून बसलेला, कपाळावर घाम… आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो गाडीत बसलेला होता! म्हणजे वजन घेतानाही. चांगला नव्वद किलोंचा माणूस, त्याच्या बॅगा, टाकीतलं पेट्रोल… सगळ्यासकट मी गाडीला जाड ठरवलं होतं. प्रॅक्टिकलमध्ये मुलांनी असं केलं तर मी निम्मे मार्क कापते.

शेवटी तोच ट्रॅक्टरवाला शिव्या देत खाली उतरला. काट्याच्या खोलीमागून दोन जाड फळ्या आणि रिकामी पोती घेऊन आला. सलीमभाईंनी ती चाकांसमोर नीट रचली आणि हाताने खूण केली. मी डोळे मिटले. आता इंजिन गुरगुरणार, गाडी हिसका देणार…

काहीच ऐकू आलं नाही. फळ्या तेवढ्या करकरल्या.

डोळे उघडले तर गाडी बोट-बोट उतरत होती. इंजिन बंद, नुसत्या इलेक्ट्रिक मोटरवर. ना हिसका, ना आवाज… चाकं फळ्यांवरून जमिनीवर आली तेव्हा सलीमभाई अजून आडवेच होते. "दोनच बोटं जागा ऱ्हायनी," ते उठत म्हणाले. "जुनी ऱ्हाती तं आज नाक फुटी जातं, ताई. तुन्ही बॅटरीनंच वाचाडं."

माझी बॅटरी! जिला मी महिनाभर नावं ठेवली ती.

निमेश खाली उतरून आधी नाकाखाली वाकला. ओरखडा नाही. मग माझ्याकडे बघून हात जोडले, "बेन, आता ब्लड प्रेशर पण मोजा." सगळे इतके हसले की ट्रॅक्टरवालाही हसला.

संध्याकाळी ग्रुपवर माफी मागितली, जुन्या पोस्टखाली दुरुस्ती लिहिली. गाडी जुनीपेक्षा जड आहे हे खरंच, पण मी ओरडले तेवढी नाही. आणि ते वजन कशाकरता आहे हे मला माहीत नव्हतं. न बघता मत देण्याची सवय माझ्यात कधी शिरली, हा प्रश्न मी स्वतःला विचारते आहे. आणि एक ओरखडा वाचला, त्यासाठी दोन फळ्या आणणाऱ्या त्या अनोळखी भाऊंची मी ऋणी आहे. नावही विचारलं नाही त्यांचं.

पावती फ्रीजवर लावली आहे. काटेवाल्याने सवयीने 'माल'पुढे 'कापूस' टाकलंय. ते तसंच ठेवलं. त्याखाली पेनाने एवढंच लिहिलं… 'चालक गाडीत बसलेला.'