बिनखाड्याच्या आक्का

आक्कांना दुखायला लागलं की त्या बोलायला लागत. कळ जितकी मोठी, तितक्या गप्पा लांब. हे मला फार उशिरा कळलं. पहिल्या भेटीत मी आपली मनात म्हणत होते, काय बडबडी बाई आहे, वीस मिनिटांच्या कामाला दोन तास! आणि त्या पोटावर पदर आवळून, जावेच्या म्हशीपासून सरपंचाच्या सुनेपर्यंत अख्ख्या गावाची खबरबात मला देत होत्या.

मी तेव्हा नगरहून पाथर्डीकडच्या गावांत प्रश्नावल्या भरून घ्यायला जायचे. एंडोमेट्रिओसिस असलेल्या बायकांचं जगणं कसं चाललंय, ते मोजायचं काम. या आजारात गर्भाशयातल्यासारखं अस्तर बाहेर, पोटात भलतीकडेच वाढतं आणि पाळी आली की जीव नकोसा करतं. आक्कांना तो आहे, हे नगरच्या तपासणीत निघालं होतं. प्रत्येक प्रश्नाला 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत पाच उत्तरं. गुण जितके जास्त, तितकं जगणं वाईट. ज्यांचे गुण सगळ्यांत जास्त, त्यांना ऑपरेशनसाठी पुण्याच्या तज्ज्ञांकडे आधी न्यायचं ठरलं होतं. हे बायकांना सांगायचं नाही, अशी आम्हाला सक्त ताकीद होती. सांगितलं की म्हणे उत्तरं फुगतात.

आक्का दरसाल ऊसतोडीला जात. टोळीत त्यांना 'बिनखाड्याच्या' म्हणत, कारण इतक्या वर्षांत त्यांनी कामाचा एक दिवस बुडवला नव्हता. खाडा हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. "काम थांबलं तर त्याला दुखनं म्हनायचं, म्याडम," त्या सांगायच्या. "काम चालू हाय तवर निसती कुरकुर."

आणि अशा बाईला मी विचारतेय, "गेल्या चार आठवड्यांत दुखण्यामुळे घरकाम करता आलं नाही, असं किती वेळा झालं?"

"कंदीच न्हाई. करावंच लागतं की."

"उभं राहणं जड गेलं?"

"कंदीच न्हाई."

"मन खचल्यासारखं वाटलं?"

"खचाया येळ कुठं हाय?"

नवराबायकोच्या संबंधांचा प्रश्न मी मान खाली घालून वाचला. त्रासामुळे ते टाळावे लागले का? आक्का हसल्या. "टाळाया? आमचं मालक काय इचारून येत्यात व्हय?" मी 'कधीच नाही'वर खूण केली. उत्तर बरोबरच होतं ना!

निघताना त्यांची जाऊ माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. "ती काय सांगनार तुमाला," ती म्हणाली. "त्या दिसांत उभंच ऱ्हाता येत न्हाई तिला. फडात गुडघ्यांवर बसून ऊस तोडती." फॉर्मच्या शेवटी शेरा लिहायला चांगल्या चार ओळी मोकळ्या होत्या. पण शेऱ्यात बाई स्वतः बोलेल तेवढंच लिहायचं, असा नियम. मी नियम पाळला. साधं डोकं दुखलं तर घर डोक्यावर घेणारी मी, त्या दिवशी मोठी शिस्तीची झाले होते.

पुण्याची यादी लागली तेव्हा आक्का सगळ्यांत तळाला होत्या. हा अभ्यास चालवणारे आमचे सर म्हणाले, "या बाईचं तर झकास चाललंय." मी यादी फाइलला लावली.

त्या हंगामात आक्का फडातच पडल्या. तिकडच्याच कुठल्याशा दवाखान्यात त्यांची गर्भाची पिशवी काढली. टोळीतल्या सगळ्याच बायका म्हणत होत्या, पिशवी गेली की सुटलीस. पण आजार आतड्याला चिकटून बसला होता, त्याला कुणी हात लावलाच नाही. टाके वाळले, कळ होती तिथेच राहिली.

वर्षानं दुसरी फेरी निघाली. या वेळी मी ताकीद गुंडाळून ठेवली आणि आक्कांना सगळं सांगून टाकलं. पुण्याची यादीसुद्धा. त्या म्हणाल्या, "मंग आदी का न्हाई सांगितलं, पोरी?" मी फॉर्म उघडला. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि "इचार" म्हणाल्या. उभं राहणं? नेहमी. झोप? नेहमी. खचल्यासारखं? तिथे त्या रडल्या. "लाज वाटती गं. समद्या बायांत मीच रडकी निघाले."

तो फॉर्म मी स्वतः सरांच्या हातात दिला. त्यांनी चाळला, पिशवीच्या ऑपरेशनची नोंद पाहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "पिशवी काढलेल्या बायका या फेरीत धरायच्या नाहीत. हा बाजूला ठेवा."

दसऱ्यानंतर टोळी निघायच्या आदल्या दिवशी आक्कांचा फोन आला. "समदं खरं सांगितलंय आता. नंबर लागंल ना माझा?" मी म्हटलं, "बघते, आक्का." बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अभ्यास पुढे छापून आला. जगणं चांगलं चाललेल्या बायकांच्या रकान्यात आक्का धरलेल्या आहेत. त्यांची पहिली उत्तरं मीच भरली होती, सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता.