भाच्याची रेघ

कॉलेजच्या परीक्षा विभागात चार माणसं होती. त्यांतले तिघे साहेब होते आणि चौथ्या बाई काम करत होत्या.

परीक्षांचं वेळापत्रक लावणं हे बाईंचं काम. म्हणजे गेल्या वर्षीचं वेळापत्रक काढायचं, तारखा बदलायच्या आणि फलकावर डकवायचं. बावीस वर्षांची पद्धत होती, आणि अशा पद्धतीपुढे डोकं चालवायचं नसतं, फक्त हलवायचं असतं. दरवर्षी तीस-चाळीस मुलांचे दोन पेपर एकाच वेळी येत. मग पहिला पेपर झाला की, दुसरा फुटू नये म्हणून, त्यांना मोडक्या बाकांच्या खोलीत कोंडून ठेवत आणि संध्याकाळी दुसरा लिहायला बसवत. कागदोपत्री याला 'विशेष सुविधा' म्हणत.

एका वर्षी खिडकीशी एक मुलगी आली. ती इस्पितळाच्या धुलाईघरात संध्याकाळच्या पाळीला काम करायची, त्यामुळे तिला ही सुविधा काही उपभोगता आली नव्हती. एक पेपर दिला, एक सोडला, वर्ष गेलं. ती भांडली नाही. तिनं फक्त विचारलं, "मॅडम, हे दोन्ही विषय घेतलेलं कोणीतरी असेल, हे लावताना कळत नाही का हो?"

'अर्ज करा' हे ठरलेलं उत्तर बाईंच्या ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं. कारण खरं उत्तर होतं, कळतं. कोणी बघत नाही.

त्या रविवारी बाईंनी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला. विषय त्रेचाळीस, म्हणून त्रेचाळीस ठिपके काढले. मग विद्यार्थ्यांच्या याद्या घेऊन बसल्या. ज्या दोन विषयांना एक जरी मुलगा सामाईक असेल, त्या दोन ठिपक्यांमध्ये रेघ. दुपारपर्यंत कागदावर असा काही गुंता झाला की नवरा चहाचा कप घेऊन थबकला.

"अगं, डास मारलेस की काय कागदावर?"

"परीक्षा आहे ही."

"मुलं नापास का होतात ते आज कळलं," असं म्हणून तो कप ठेवायला जागा शोधत निघून गेला.

बाईंनी लेकीचे जुने स्केचपेन घेतले. एक रंग म्हणजे परीक्षेचा एक दिवस. रेघेनं जोडलेले दोन ठिपके एका रंगाचे होता कामा नयेत, एवढाच नियम. ज्या ठिपक्याला सगळ्यात जास्त रेघा, त्याच्यापासून सुरुवात केली. आधी अडेलतट्टू उरकायचे, गरीब बापडे कुठेही मावतात, हे त्या सासरी शिकल्या होत्या. चार वेळा कागद फाडला. पाचव्यांदा सात रंगांत सगळं बसलं. कॉलेजची परीक्षा तोवर बारा दिवस चालायची, आणि तरीही मुलं कोंडली जायची.

गणित शिकणारी लेक संध्याकाळी आली आणि कागद बघून खालीच बसली. "आई, याला ग्राफ थिअरी म्हणतात! मोबाइलच्या टॉवरना लहरी वाटून देतात ना, शेजारच्या टॉवरची गडबड होऊ नये म्हणून, ते असंच करतात. चौकातल्या सिग्नलचंही हेच. लोक यावर डॉक्टरेट मिळवतात."

"मिळवू देत. मला परवा वेळापत्रक लावायचंय."

हत्यार हाती आलं की माणूस ते घरातही चालवतो. सासूबाईंच्या पंचाहत्तरीच्या जेवणाला बाईंनी नातेवाइकांचे ठिपके काढले आणि जे एकमेकांशी बोलत नाहीत त्यांच्यात रेघा मारल्या. थोरले दीर, आत्या आणि मामेसासरे या तिघांचं आपसांत कोणाचंच कोणाशी पटत नव्हतं, म्हणजे तीनपेक्षा कमी टेबलांत भागणार नव्हतं. तीन टेबलं मांडली. एकही माणूस ताटावरून उठून गेला नाही, त्यामुळे जेवण जरा बेचव झालं असं नणंदेचं मत पडलं.

इकडे कॉलेजात त्या वर्षी परीक्षा सात दिवसांत संपली आणि मोडक्या बाकांची खोली रिकामी राहिली. प्राचार्यांनी सभेत सांगितलं की हे आपल्या दूरदृष्टीचं फळ आहे. टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या भरात त्यांनी जाहीर करून टाकलं, "पुढच्या वर्षी सहा दिवसांत!"

दुसऱ्या दिवशी बाईंना बोलावणं आलं.

"सर, सहा दिवसांत होणार नाही," बाई म्हणाल्या. "हे सात विषय बघा. यांतले कुठलेही दोन घ्या, ते दोन्ही घेतलेलं कोणी ना कोणी आहेच. म्हणून सातांना सात वेगळे दिवस लागणारच."

"बाई, तुमची दृष्टी नकारात्मक आहे."

"दृष्टी नाही सर, रेघा आहेत."

नकारात्मक दृष्टीवर उपाय म्हणून समिती नेमली गेली. समितीनं एक सल्लागार आणला. हा सद्‌गृहस्थ तीन महिने लॅपटॉप उघडून बसला आणि विभागातली सगळी बिस्किटं संपवून शेवटी चौसष्ट रंगीत पानांचं सादरीकरण घेऊन उभा राहिला. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'किमान सात.'

"वा!" प्राचार्य म्हणाले. "याला म्हणतात शास्त्रीय पद्धत." तेच सात बाईंनी सांगितले तेव्हा ते अडाणी होते; लॅपटॉपातून निघाल्यावर शहाणे झाले. पण जाहीर तर सहा केलेले. प्राचार्यांनी टेबलावर हात आपटला. "काहीतरी मार्ग असेलच की!"

"आहे ना, सर," मागच्या खुर्चीवरून बाई म्हणाल्या. त्यांनी आपला चोळामोळा झालेला कागद आणलाच होता. "या सातांमधली एक रेघ फक्त एका विद्यार्थ्यामुळे आहे. हे दोन विषय एकत्र घ्यायला नियमानं परवानगीच नाही. ती रेघ पुसली तर बाकी सगळं सहा दिवसांत बसतं. मी लावून पाहिलंय."

"मग पुसा की! विचारताय काय? कोण आहे हा दीडशहाणा?"

बाईंनी घसा साफ केला. "आपला भाचा, सर. गेल्या जूनमध्ये आपण स्वतः चिठ्ठी दिली होती."

सल्लागारानं एकदम आपल्या चौसष्ट पानांत डोकं घातलं. प्राचार्य म्हणाले की शेवटी विद्यार्थ्यांना अभ्यासाला पुरेसा वेळ मिळणं महत्त्वाचं, आणि एका दिवसासाठी एवढी घाई बरी नव्हे. सात दिवस एकमतानं मंजूर झाले.

बाईंच्या कामाची दखल घेतली गेली. महिन्याभरात त्यांची बदली सफाई विभागात झाली.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी रंगवलेला कागद घडी करून लेकीच्या टेबलावर ठेवला आणि भांडी जरा जोरात घासली. लेकीनं कागद परत आणून समोर धरला तेव्हा म्हणाल्या, "पुढचं वेळापत्रक कोण लावेल ग? पुन्हा कोंडतील मुलांना." मग उठून त्यांनी सगळी रीत पायरी-पायरीनं चार पानांवर लिहिली आणि सकाळी परीक्षा विभागातल्या सगळ्यात धाकट्या साहेबांना नेऊन दिली. ते आधी गोंधळले. मग म्हणाले, "बाई, एकदा समोर बसून शिकवाल का?" बाईंनी आठवडाभर डबा खाताखाता शिकवलं.

नव्या जागी त्यांना दोन झाडूवाल्या आणि एक जुनी तक्रार मिळाली: 'सफाई वेळेत होत नाही.' बाई एक दिवस त्यांच्यामागून चालल्या. दोघी मिळून फाटकापासून झाडत निघत, आणि झाडलेल्याच बोळांतून पुन्हा पुन्हा चालत मागे येत. बाईंनी सगळे बोळ कागदावर उतरवले आणि प्रत्येक कोपऱ्यावर किती वाटा मिळतात ते मोजलं. फक्त दोनच कोपऱ्यांवर वाटांची संख्या विषम निघाली: एक प्रयोगशाळेजवळचा, एक जिन्याखालचा. एका विषम कोपऱ्यातून निघून दुसऱ्या विषम कोपऱ्यात थांबलं, तर एकही बोळ दोनदा तुडवावा लागत नाही. त्यांनी फाटकापाशी असलेलं झाडूंचं कपाट एका कोपऱ्यात हलवलं आणि दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक कपाट ठेवलं. आज इकडून तिकडे, उद्या तिकडून इकडे.

काम पाऊण तास आधी संपायला लागलं. झाडूवाल्या पायरीवर बसून निवांत चहा पिऊ लागल्या. थोरलीच्या गुडघ्याची कुरकुरही कमी झाली.

पंधराव्या दिवशी बाईंना लेखी विचारणा आली: 'सफाई कामगार कामाच्या वेळेत रिकामे बसलेले आढळले. खुलासा करावा.'

बाईंनी त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर लिहिलं: 'काम संपले आहे.' खाली सही केली आणि झाडूवाल्यांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसल्या. थोरलीनं आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून त्यांच्या हातात दिला.