कराराचा रविवार आणि मावशीचा सूर

"न्यू इयरला कुठे?" ऑफिसात सगळ्यांचं ठरलं होतं. कुणी गोवा, कुणी महाबळेश्वर. मी म्हटलं, "रत्नागिरी. चर्चला." बिचाऱ्यांनी विषयच बदलला.

आम्ही मेथडिस्ट ख्रिस्ती. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी आमच्यात कराराची उपासना असते. देवाला दिलेला शब्द सगळ्यांनी मिळून, मोठ्याने, पुन्हा द्यायचा. त्यातलं एक वाक्य फार अवघड आहे. अर्थ असा की प्रभू, मला तुझ्या कामाला लाव, नाहीतर बाजूला ठेव, मला दोन्ही कबूल. पुण्याच्या आमच्या मोठ्या चर्चमध्ये मी हे घड्याळाकडे बघत म्हणत आलेय. यंदा मात्र आईने फर्मान काढलं.

"सुमनताई म्हणतेय, यंदा करार करणार नाही. तू जा आणि तिला घेऊन चर्चला बस. एकदा चुकवलं ना, की ती त्या दारात परत पाऊल टाकणार नाही. ओळखते मी तिला."

सुमनमावशी म्हणजे आईची थोरली बहीण. रत्नागिरीत शाळेत शिकवलं, तिथेच रिटायर झाली. तिथल्या चर्चच्या चिमुकल्या मंडळीत प्रत्येक गीत तीच सुरू करायची. तिने तोंड उघडलं की मग बाकीचे. मागच्या पावसाळ्यात तिला पॅरालिसिसचा झटका आला. काठी घेऊन चालते, पण जीभ जड झाली आणि गाणं गेलं.

शनिवारी उजाडता उजाडता पुणं सोडलं. जाणाऱ्यांसाठी सांगते, कराडहून मलकापूर आणि मग आंबा घाट हा रस्ता मला बरा वाटतो. मलकापुरात पेट्रोल भरा आणि चहा घ्या, घाटात धुकं असलं तर घाई करू नका. साखरप्याला दीडशे रुपयांत पोटभर थाळी मिळाली, सोलकढी दोनदा. पुढे हायवेचं काम चालू आहे, तिथे कंबरेची वाट लागते. पण आंब्याला मोहोर आला होता. काच खाली केली तर गाडीभर वास, अहाहा! सगळी चिडचिड पळाली.

मावशी दारातच खुर्ची टाकून बसली होती. "किती... उशीर गो," म्हणाली. एकेक शब्द ओढून आणावा तसा. बसूही दिलं नाही, थेट मिरकरवाड्याला चल म्हणाली. बंदरात हा गलका! बोटी लागलेल्या, बर्फ फुटतोय, लिलाव चाललेला. मला एक आकडा कळेल तर शपथ. मावशीने काठीनेच बांगड्यांचा वाटा दाखवला आणि कोळणीने न विचारता चार जास्तीचे टाकले. "बाईंनी माझ्या पोरीला शिकवलंय," ती मला म्हणाली. मावशीने मान फिरवली.

रात्री जेवायला बांगड्याचं तिखलं आणि तांदळाची भाकरी. मी जरा धीर करून विषय काढला. "मावशी, उद्या करार करणार ना?"

"नाय."

"का गं?"

"बाजूला ठेव म्हणायचं... कबूल म्हणायचं. त्याने ठेवलंन बाजूला. मला... नाय कबूल." तिने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "देवासमोर खोटं बोलू? येते तुझ्याबरोबर. उभी नाय राहणार."

मला रडू यायला लागलं म्हणून मी ताटं उचलली.

रविवारी सकाळी हवेत छान गारवा. चर्च म्हणजे जांभ्या दगडाची एक कौलारू खोली, दारात नाताळचा कंदील अजून लटकलेला. पन्नासेक माणसं असतील. कुणी पाहुणे आलात तर लाजू नका, पहिल्याच बाकावर नेऊन बसवतात. आम्ही तिसऱ्या बाकावर बसलो, मावशीच्या नेहमीच्या जागी. हल्ली पेटी वाजवतात डॅनियलकाका, पोस्टातून रिटायर झालेले. त्यांनी झोकात सूर धरला आणि... कुणी गाईचना! अख्खी मंडळी सवयीने तिसऱ्या बाकाकडे बघत थांबली. काकांचे कान लाल. शेवटी खोकून त्यांनीच सुरुवात केली, तीही भलत्याच पट्टीत. मला हसू आवरेना. मावशी मात्र जमिनीकडे बघत होती.

मग पाळकसाहेब म्हणाले, "करारासाठी उभे राहू या." सगळे उठले. मावशी बसून राहिली. काठी मांडीवर आडवी, ओठ घट्ट. मी अर्धी उभी, अर्धी बसलेली, काय करावं कळेना.

पाळकांनी बघितलं. वेदीच्या पायरीवर सरळ खाली बसले, झग्यासकट. डॅनियलकाका बसले. मग बाकामागून बाक, लहानथोर, सगळी मंडळी बसली. "बसूनच म्हणू या," पाळक म्हणाले, जणू दरवर्षी असंच असतं.

सुरुवात झाली. आणि मावशीचे ओठ हलले. अडखळत, मागे पडत, ती म्हणत होती. मंडळीही तिच्या चालीने हळू झाली. मग ते वाक्य आलं. 'मला तुझ्या कामाला लाव' इथवर सगळे आले आणि मावशी थांबली.

आमचा बाक थांबला. पुढचा थांबला. पाळकही थांबले. कुणी खूण केली नव्हती. इतकी वर्षं त्या बाईच्या मागून चाललेली माणसं ती, तिच्याशिवाय पुढे जायचं त्यांना ठाऊकच नव्हतं. पंख्याची घरघर ऐकू येत होती. मला वाटलं, अरे म्हणा ना पुढे, का तिला छळताय! अंगावर सर्रकन काटा आला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, देव याच खोलीत आहे आणि तोही थांबलाय.

"नाहीतर," मावशी म्हणाली. एकटीच. गालावरून पाणी वाहत होतं. "बा...जूला. ठेव. कबूल."

आणि मग सगळी मंडळी तेच वाक्य तिच्यामागून म्हणाली. माझाही आवाज त्यात होता, पण मला तो ऐकू आला नाही.

नंतर अंगणात प्रीतिभोजन. प्रत्येक घरातून एक डबा: आंबोळ्या, खिमा, नारळाच्या वड्या. मावशीने डॅनियलकाकांना काठीने टोचलं.

"थांबलात... कशाला मेल्यांनो?"

"बाई, तुम्ही सुरू केल्याशिवाय आम्हाला येतं कुठे?" काका म्हणाले आणि तिच्या ताटात आंबोळी वाढून निघून गेले. मावशी त्या आंबोळीकडे बघतच राहिली. मग मला म्हणाली, "चटणी... आण गो." मी आणली.

सोमवारी परत आले. या ट्रिपमधून गुहागर राहिलं, वेळणेश्वर राहिलं, समुद्रात पाय बुडवणंसुद्धा राहिलं. कुणाला वाटेल, काय बघितलंस मग? खरं सांगू, एवढं मोठं मी अजून काहीच बघितलेलं नाही.

आईने दारातच विचारलं, "उभी राहिली का ताई?"

"नाही. सगळे बसले," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. आई पदराने डोळे पुसत आत गेली. जरा वेळाने बघते तर फोन कानाला लावून ओट्यापाशी नुसती उभी. बोलत काहीच नव्हती.

"आई, लाईन गेली का?"

तिने हात वर करून मला गप्प केलं.

"थांब," ती कुजबुजली. "ताई गीत सुरू करतेय."