चाईवरचा बिब्बा

आमच्या ग्राहक गटाच्या पहिल्या पत्रकाचं शीर्षक मी दिलं होतं: 'केसांना केमिकल नको'. वर हेअर डायने भाजलेल्या टाळूचा फोटो, खाली ठळक तीन वाक्यं. मंडईच्या दारात उभी राहून मी ते वाटलं, आणि एक मांजरी गावी, ताईच्या सासरीही दिलं.

वर्षभराने ताईच्या डोक्यात, कानाच्या वर चाई पडली. केस गळून रुपयाएवढी गुळगुळीत जागा. फोनवर म्हणाली, "सासूबाईंच्या ओळखीचे एकजण तेल देतात. आठ दिवस लावायचं."

"बाटलीवर काय लिहिलंय?"

"काही नाही. घरी बनवतात ते."

"मग लावू नकोस. आधी डॉक्टरांना दाखव."

"अगं, झाडपाल्याचं आहे. केमिकल नाही. तुझंच पत्रक फ्रिजवर लावलंय मी."

धोत्राही झाडपालाच असतो, हे साधं वाक्य मला तेव्हा सुचलं नाही. मी नुसतीच नाही-नाही म्हणत राहिले. ती हसली. "आता तू यात बिब्बा घालू नकोस."

रविवारी गेले तर कानावरचा भाग सुजलेला, फोड फुटून पाणी येत होतं. सासूबाई उशीचा अभ्रा घासत होत्या.

"दोनदा धुतला, निघंना. बिब्ब्याचा डाग हाय, कशाला निघतोय."

"तेलात बिब्बा होता? कातडी जळते त्याने."

"चाईला बिब्बाच लावत्यात. फोड आलं म्हंजी लागू पडलं. उष्णता बाहेर पडतीया."

रोज सकाळी त्याच लावत होत्या, स्वतःच्या हाताने, लेकीला लावावं तसं. भांडायचं तरी कुणाशी?

डॉक्टरांनी जखम पाहिली. "चाई पुष्कळदा आपणहून भरून येते. आता व्रण राहिला, तर तिथे केस येतील असं सांगता येत नाही."

"कधीच?" ताईने विचारलं. ते मलम लिहीत राहिले.

मी तक्रार लिहायला बसले. बाटलीवर नाव नाही, पावती नाही. त्या माणसाचा पत्ता विचारला, तर सासूबाई म्हणाल्या, "त्यांनी इकलं न्हाई काही. पुण्य म्हणून देत्यात." विक्रीच नाही, तर ग्राहक कोण? वर्षभर ग्राहकाचे हक्क ओरडून सांगितले, आणि माझी सख्खी बहीण ग्राहकसुद्धा ठरेना. तिलाही तक्रार नको होती. "त्यांना वाईट वाटेल. माझ्यासाठीच केलं ना त्यांनी."

जखम भरली. जागा चकचकीत राहिली, पहिल्यापेक्षा मोठी.

परवा मांजरीला गेले तेव्हा माझं पत्रक अजून फ्रिजवर होतं. मी ते काढायला लागले.

"राहू दे," ताई म्हणाली. "मागे पत्रा खरवडलाय. तेवढंच झाकलं जातं." बोलता बोलता तिने दुसऱ्या बाजूचे केस ओढून कानावर घेतले आणि पिन लावली.