लाग्लासवरच्या पोरी आणि आमचं चेकिंगचं टेबल

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो, ते आपोआप साचतात. एका टेबलाभोवती चार बायका दहा-बारा वर्षं काढतात, हात कामात आणि तोंडं मोकळी, मग दुसरं काय होणार? मी ते लिहून ठेवले नाहीत. पण अजूनही लग्नाकार्यात आम्ही भेटलो की एक जण सुरू करते आणि जेवणाची पंगत उठेपर्यंत थांबत नाही.

टेबल होतं तेर रूज गावाजवळच्या एका स्वेटरच्या फॅक्टरीत. स्वेटर जायचे युरोपला. आमचे पणजोबा ऊस तोडायला आले त्या या बेटावर लोकर अंगाला लावली तर घामोळं येईल, पण काम होतं, पगार होता, म्हणून बायका कामाला निघाल्या. आमचं काम चेकिंगचं. टाका सुटलाय का, बटण हलतंय का, बघायचं. सावित्रीवैनी आमच्यात मोठी, पन्नाशीची, रिव्हिएर दू रांपारहून बसने यायची. कमळ सगळ्यात लहान, एकोणीस वर्षांची, लॉंग माउंटनला माझ्याच गल्लीत राहणारी. मारी-जोझे क्रेओल, म्हणजे आफ्रिकी वंशाची, पण मराठी शेजारात वाढलेली. तिला आमचं सगळं समजायचं, बोलता मात्र फक्त शिव्या यायच्या! आणि चौथी मी.

आम्ही नवऱ्यांबद्दल बोलत असू असं सगळ्यांना वाटायचं. आम्ही बोलायचो पातिनाजबद्दल. म्हणजे बर्फावरचं नाचणं.

*

त्याचं मूळ शेवंताकाकी. ही माझी सख्खी चुलती. गल्लीतला पहिला टीव्ही तिच्याकडे आला, काळा-पांढरा. रविवारी दुपारी अर्धी गल्ली तिच्या खोलीत. एकदा बातम्यांनंतर अचानक एक मुलगी दिसली. तोकडा झगा, पायात बूट, आणि ती सरकतेय. चालत नाही, पळत नाही, सरकतेय!

काकीने विचारलं, "कशावर गो ही?"

कमळ म्हणाली, "लाग्लासवर, काकी."

आता आमच्याकडे क्रेओल बोलीत लाग्लास म्हणजे बर्फ, आणि लाग्लास म्हणजे आरसासुद्धा. काकीच्या घरात बर्फ कधी आलाच नव्हता, तिच्याकडे फ्रिज नव्हता. आरसा होता.

त्या मुलीने उंच उडी मारली, गिरकी घेतली, आणि खाली आली. काकीने डोळे गच्च मिटले. मग हळूच एक उघडला.

"फुटला नाय?"

"नाही फुटला, काकी."

"एवढ्या मोठ्या आरशावर उडी मारायची, आणि तोंडावर हसू! हिच्या आईला सांगा, हिच्याशी वाद घालू नको म्हणून."

पुढे महिनाभराने तिला कुणीतरी समजावलं की तो बर्फ आहे. काकी जराही खजील झाली नाही. म्हणाली, "मग तर सोप्पं आहे!"

*

पातिनाज वर्षातून थोडे दिवसच दाखवायचे. पण त्या दिवसांवर आमचं वर्षभराचं भांडण चालायचं. रडवते कोण?

पहिली कोण येते, हा प्रश्नच नव्हता. ते परीक्षक बघून घेतील. आम्हाला विचारायचं होतं ते हे, की एवढ्या लांब बसलेल्या बाईच्या घशात आवंढा कोण आणते? कमळ म्हणायची, ती तांबड्या झग्यातली. एकही चूक नाही, हात असे, की वाटावं पाण्यातून निघाले. मी म्हणायचे, ती पिवळी, जी संपल्यावर आधी गर्दीत आपल्या आईला शोधते. मारी-जोझेला आवडायची ती हिरवी, कारण ती परीक्षकांकडे ढुंकूनसुद्धा बघत नसे.

टीव्ही काळा-पांढरा. तांबडा, पिवळा, हिरवा आम्हीच ठरवलेलं. आणि त्यावरूनही भांडणं!

सावित्रीवैनी ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "जी पडली नाही तिच्यासाठी मी का रडू? तिचं तर सगळं बरंच चाललंय."

एका सोमवारी वैनी निळीची गोष्ट सांगत होती. ही निळी आदल्या दिवशी दोनदा पडली होती. दुसऱ्यांदा पडल्यावर तिच्या गुडघ्यातून रक्त यायला लागलं, तरी संगीत गाठायला ती धावली आणि शेवटच्या सुरावर हात पसरून बरोबर पोचली. वैनी सांगता सांगता रडायला लागली. मग कमळ. मग मी. मारी-जोझे तर हुंदके देऊन.

तेवढ्यात शेफ आला. शेफ म्हणजे आमचा सुपरवायझर, पोर्ट लुईचा. चार बायका गुलाबी स्वेटर हातात धरून रडताना पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने स्वेटर नाकाशी नेला, वास घेतला, आणि ओरडला, "खिडक्या उघडा! सगळ्या! रंगात काहीतरी आहे!"

दोनशे गुलाबी स्वेटर दिवसभर उन्हात होते. आम्ही कुणी तोंड उघडलं नाही.

*

त्या टेबलाला बाकडी नव्हती. चेकिंग उभ्याने करायचं असा नियम. बसलं की डोळा लागतो, असं शेफचं म्हणणं. वैनीच्या पायाच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्या होत्या. आम्ही दोनदा विनंती केली, दोनदा नाही आलं.

तिसऱ्यांदा शेफने सगळ्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत एकत्र बोलावलं आणि भाषण केलं. देश नवा आहे, कष्ट केले पाहिजेत, उभं राहणं तब्येतीला चांगलं. बोलून झालं आणि तो थांबला. टाळ्या वाजतील असं वाटलं असावं त्याला.

मारी-जोझेने एप्रनमधून एक पुठ्ठ्याचं लेबल काढलं, खडूने त्यावर काहीतरी लिहिलं, आणि पातिनाजचे परीक्षक आकडा दाखवतात तसं डोक्यावर धरलं. दोन पूर्णांक एक.

मी लिहिलं, एक पूर्णांक नऊ. कमळने दोन. मग मागच्या टेबलावरच्या, मग शिलाईच्या, मग इस्त्रीच्या. चाळीसेक लेबलं वर! सावित्रीवैनीला वाचता-लिहिता येत नव्हतं, तिने नुसतं एक मोठं शून्य काढलं.

शेफला काही कळेना. त्याने हळूच विचारलं, "कितीपैकी?"

"सहापैकी, शेफ!"

लेबलं कुणी खाली घेईना. सुट्टीची घंटा झाली, तरी हात वरच. मशिनं बंद. वरून मोठा साहेब जिन्यात येऊन उभा राहिला. शेफने त्याच्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं.

शुक्रवारी आठ बाकडी आली. शेफ स्वतः ट्रकमधून उतरवून घेत होता. आमच्या टेबलाशी बाकडं ठेवून तो तिथेच घुटमळला. मग जाता जाता म्हणाला, "आता किती?"

वैनीने त्यावर बसून बघितलं, जरा हलवून बघितलं. "पाच," ती म्हणाली. "एक पाय आखूड आहे."

*

वैनीचा आणखी एक किस्सा, पण हा हसण्याचा नाही, निदान पहिला अर्धा तरी.

एकदा मोठी ऑर्डर आली. स्वेटर दिसायला सुरेख, पण खांद्याची शिवण कच्ची. वैनीच्या बोटांना ते पहिल्याच स्वेटरला कळलं. तिने सगळा गठ्ठा बाजूला काढला. शेफ म्हणाला, पास करा, जहाज थांबत नाही. वैनी म्हणाली, हात वर केला की उसवेल.

"स्वेटर घालून हात वर कोण करतं?"

"थंडीतली माणसं काय हात खिशात घालून जन्मतात? त्या पोरी बघ, नाचून आल्या की कुडकुडत असतात, कुणीतरी त्यांच्या अंगावर स्वेटर टाकतं. लोकांना हात करताना त्याची बाही गळून पडू दे?"

शेफ चिडला. उद्या माल पाहायला परदेशी बाई येणार, तिच्यासमोर एक शब्द काढलास तर घरी बस, म्हणाला. वैनीचा नवरा त्या वर्षी आजारी होता, वादळाने भाजीचा मळा झोपवलेला. घर तिच्या पगारावर होतं, हे आम्हा तिघींना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, वैनीने आपला डबा, टेबलाखालची जुनी चप्पल, छत्री, देवीचं छोटं चित्र, सगळं पिशवीत भरून ठेवलं होतं. मी म्हटलं, "वैनी, हे काय?" ती म्हणाली, "धावपळ नको मागाहून."

ती परदेशी बाई आली. उंच, चष्मा लावलेली. वैनीला ना इंग्रजी येत होतं, ना धड फ्रेंच. तिने गठ्ठ्यातला एक स्वेटर घेतला, साडीवर चढवला, पदर खोचला, टेबलापुढच्या मोकळ्या जागेत आली. दोन्ही हात वर केले, एका पायावर उभी राहिली, आणि निळी करायची तशी एक पूर्ण गिरकी घेतली. पन्नास वर्षांची बाई!

टर्र!

अख्ख्या हॉलमध्ये ऐकू गेलं. दोन्ही खांदे उघडे. शेफने डोळ्यांवर हात ठेवला.

ती बाई जवळ गेली, शिवण बोटाने चाचपली, आणि तिने टाळ्या वाजवल्या. ऑर्डर आठ दिवस उशिरा गेली, सगळे खांदे पुन्हा शिवून. वैनीने पिशवीतलं सामान परत टेबलाखाली लावलं. शेफला एवढंच म्हणाली, "गिरकी पुरी झाली ना रे? मला शेवटी जरा चक्कर आली."

*

आता कमळ. हिला नुसतं बघून पुरेना.

आमच्याकडे घरोघर लाल फरशी, मेण लावायची आणि नारळाच्या अर्ध्या सोडणावर पाय ठेवून घासायची. ब्रोस-कोको म्हणतात त्याला. एक पाय सोडणावर, एक पाय जमिनीवर. कमळने दोन्ही पाय दोन सोडणांवर ठेवले, वर पट्ट्या बांधल्या, आणि सुरू! महिनाभर तिने गल्लीतली प्रत्येक फरशी फुकट घासली. घरं अशी चकाकली, की म्हातारी माणसं भिंत धरून चालायला लागली.

मग तिने ठरवलं, आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात स्टेजवर पातिनाज करायचं. तिच्या बाबांनी, ते उसाच्या मळ्यावर सरदार, म्हणजे मुकादम, साफ सांगितलं, "लोक हसतील. केलंस तर माझ्याशी बोलू नको." ती बोलायची थांबली. सराव थांबला नाही. पंधरा दिवस एका घरात दोघं मुके.

कार्यक्रमाच्या सकाळी आम्ही तिघींनी स्टेजच्या फळ्या मेणाने घासल्या. कमळ आली, काकीच्या जुन्या निळ्या साडीचा झगा घालून. कॅसेट लागली. छान सरकली, वळली, आणि धाडकन पडली.

हॉल हसला. शिट्ट्या. ती उठली, पट्टी घट्ट केली, कॅसेटवाल्याला म्हणाली, "पहिल्यापासून लाव."

दुसऱ्यांदा आणखी पुढे गेली, आणि पडली. या खेपेला कोपर सोललं. थोडेच हसले.

"पहिल्यापासून."

तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली बाई बाळाला पाजायची थांबली. सोडणांचा खर्र-खर्र आवाज तेवढा येत होता. शेवटची गिरकी, हात वर, कॅसेट संपली, आणि ती उभी! वैनीने माझा दंड इतका दाबला, की चार दिवस वळ होता.

टाळ्या ओसरल्यावर मंडळाचे अध्यक्ष भाषणाला आले. नवा सूट, नवे बूट. मेणाचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! तिसऱ्या पावलाला ते असे गेले, की भाषणाचे कागद पंख्यापर्यंत उडाले.

हॉल चिडीचूप. अध्यक्ष ते, हसणार कोण?

आणि सगळ्यात मागून, दारातून, कमळच्या बाबांचा आवाज आला, "पहिल्यापासून लाव गो, कमळ!"

*

हा शेवटचा. हा सांगताना मी मध्ये थांबले तर थांबू द्या.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. काकीकडे तोवर रंगीत टीव्ही आला होता, पण काकीची नजर गेली होती. मोतीबिंदू पिकून बिघडला होता. गुडघेही गेलेले. दोन वर्षं ती कुणी हात दिल्याशिवाय खुर्चीतून उठली नव्हती. तरी पातिनाज असलं की म्हणायची, "मला पुढं बसवा." आम्ही चौघी तिला सांगत असू, आता ही आली, आता उडी, आता गिरकी.

त्या रविवारी दुपारी आम्ही अशाच सांगत होतो. चांगल्या म्हणायच्या त्या सगळ्या नाचून गेल्या होत्या. मग एक मुलगी आली, नाव आम्ही कधी न ऐकलेलं. खरं सांगते, आम्हाला ती काही विशेष वाटली नाही. मारी-जोझे चहा ओतत होती. मी सांगायला लागले, "काकी, ही बारकी आहे, करड्या झग्यातली..."

"गप," काकी म्हणाली.

काकीने मान तिरकी केली. बर्फ कापल्याचा बारीक आवाज येत होता, मध्येच तुटायचा, म्हणजे ती हवेत, आणि पुन्हा यायचा. काकीचे ओठ हलत होते. मग तिने खुर्चीचे हात धरले. कमळ धावली. काकीने तिचा हात झटकला.

आणि ती उठली. एकटी. सरळ.

संगीत संपेपर्यंत ती तशीच उभी होती, गालांवरून पाणी, पुसलंसुद्धा नाही. वैनीच्या हातातली बशी तशीच.

आकडे लागले. कमळने हळूच सांगितलं, "काकी, ती नववी आली."

"ते राहू दे," काकी म्हणाली. "तिला कळवा कुणीतरी, मी उभी होते."